वायो, एका प्रतीवर आमचा भरवसा नाही

विश्रामबाग, सांगली.

प्रिय वायो,



२०२५ च्या जानेवारीत तुझा मालक पुन्हा बदलला. जपानमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं चालवणाऱ्या नोजिमा कंपनीनं तुला विकत घेतलं. त्याआधी दहा वर्षं तू जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूकदारांकडे होतास आणि त्याही आधी, जन्मापासून, सोनीकडे, तिच्या संगणकांचं नाव म्हणून. पेढीवर नवा मालक बसला की जुनी येणी-देणी एकदा समोर मांडावीत, अशी आमच्या हळदीच्या गावाची रीत आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. ते जगजाहीर लिहितोय, कारण यातलं बरंचसं तुझ्या एकट्यापुरतं नाही. आज दुकानात मांडलेल्या कुठल्याही लॅपटॉपनं ते वाचावं.

आधी तुझी जमेची बाजू. १९९६ मध्ये तू अमेरिकेत टेबलावरचा संगणक म्हणून आलास आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये. १९९७ सरता सरता आलेला तुझा ५०५ हा लॅपटॉप मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, पातळ आणि जांभळट रुपेरी होता. बाकीच्यांचे लॅपटॉप तेव्हा काळेकरडे ठोकळे होते. १९९८ मध्ये तू झाकणातच कॅमेरा बसवलेला चिमुकला पिक्चरबुक आणलास. २००९ मध्ये तुझा 'पी' हा लॅपटॉप आला, जेमतेम सहाशे-साडेसहाशे ग्रॅमचा, आणि जाहिरातीत तो चक्क जीन्सच्या मागच्या खिशात खोचलेला होता. आपल्याकडे तुझ्या जाहिरातीत करीना कपूर होती. वालचंद कॉलेजच्या होस्टेलवर गुलाबी किंवा निळ्या झाकणाचा वायो उघडला की आजूबाजूचे चार जण मान वळवून बघायचे, हे तुझ्यापर्यंत पोचलं नसेल म्हणून सांगतो. दिसण्याच्या बाबतीत स्टीव्ह जॉब्जसारख्या माणसालाही तुझी भूल पडली होती. २००१ मध्ये त्यांनी हवाईमध्ये सोनीच्या अधिकाऱ्यांना गाठून वायोवर मॅकची प्रणाली चालवून दाखवली, असं सोनीचे माजी अध्यक्ष कुनिताके अंदो यांनी पुढे सांगितलं आहे. ती बोलणी फळाला आली नाहीत, पण हा मान दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या लॅपटॉपला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तेइयू गोतो यांनी काढलेलं तुझं बोधचिन्हही बोलकं. पहिली दोन अक्षरं मिळून एक लाट होते आणि पुढची दोन म्हणजे एक आणि शून्य. फितीवरचा आवाज आणि चित्र ही लाट, संगणकातली फाइल हे आकडे. एकातलं दुसऱ्यात आणून देईन, असा वायदा तू झाकणावर कोरूनच बाजारात उतरलास. या पत्रातला सगळा हिशेब त्या वायद्याचा आहे.

चित्राच्या बाबतीत तू तो पाळलास, आणि फार चांगला पाळलास. त्या काळातलं आमच्याकडचं लग्न आठव. कार्यालयात सीमांतपूजनापासून शूटिंगवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरायचा. धंद्यात मुरलेल्याकडे बहुधा सोनीचाच पीडी१७० असायचा आणि घरातल्या हौशी काकाकडे हँडीकॅम. दोन्हीत मिनीडीव्ही कॅसेट, साठ मिनिटांची. ही कॅसेट संगणकात उतरवणं हे एरवी कटकटीचं काम. वेगळं कार्ड बसवा, वेगळी केबल शोधा. तुझ्या अंगावर मात्र एस४०० असं लिहिलेलं एक इवलंसं चौकोनी भोक मुळातच होतं. सोनी त्याला आयलिंक म्हणायची आणि शूटिंगवाले फायरवायर म्हणायचे. केबल लावली, कॅमेरा व्हीसीआरवर टाकला आणि तुझं डीव्हीगेट उघडून पडद्यावरचं बटण दाबलं, की तिकडे कॅमेऱ्यातली कॅसेट आपोआप फिरायला लागायची. बटण इथं आणि मोटर तिथं. पहिल्यांदा बघणारा माणूस एकदा कॅमेऱ्याकडे आणि एकदा तुझ्याकडे बघायचा.

कॅसेट तासाभराची असेल तर उतरायलाही तासच लागायचा आणि एका तासाचे जवळपास १३ जीबी व्हायचे. अक्षता, पंगत, पाठवणी आणि वरात धरून चार-पाच कॅसेट सहज भरायच्या. लॅपटॉपची डिस्क चाळीस जीबीची असायची तेव्हा. म्हणजे पंगतीपर्यंतच डिस्क फुल्ल आणि वरात कॅसेटमध्येच अडकलेली! पण उतरलेली फाइल साधी, मोकळी असायची. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडा, कापा, जोडा, सनईचा ट्रॅक टाका, दहा डीव्हीडी काढून दहा नातेवाइकांना वाटा. तू कधी विचारलं नाहीस की किती प्रती काढल्या आणि कुणाला दिल्या. २००३ मध्ये सोनीनं अमेरिकेतल्या सॉनिक फाउंड्रीकडून व्हेगस, ॲसिड आणि साउंड फोर्ज ही सॉफ्टवेअर घेतली. त्यांचाही स्वभाव तसाच होता. कच्चा माल घ्या आणि हव्या त्या साच्यात पक्का करून न्या. २०१६ मध्ये सोनीनं ती जर्मनीच्या मॅजिक्स कंपनीला विकली, तरी लोकांच्या जुन्या फाइली त्यात उघडत राहिल्या. मालक गेला म्हणून माल अडकला नाही.

आता गाण्याकडे येतो, आणि इथं माझा आवाज जरा चढेल.

१९९९ च्या अखेरीस तू वायो म्युझिक क्लिप नावाचा पेनाएवढा प्लेअर आणलास. ६४ एमबीचा. वॉकमन ज्यांनी १९७९ मध्ये जगाला दिला, त्यांच्या घरातला हा धाकटा. जग तेव्हा एमपीथ्री गोळा करत होतं आणि तुझा प्लेअर एमपीथ्री वाजवतच नव्हता. गाणं आधी ओपनएमजी या सॉफ्टवेअरमधून ॲट्रॅक या सोनीच्या स्वतःच्या साच्यात बदलायचं, वर त्याला कुलूप लागायचं, आणि मगच ते प्लेअरवर जायचं. पुढे त्याच कुलपावर सॉनिकस्टेज उभं राहिलं. एक गाणं फार तर तीनदा बाहेर द्यायचं आणि चौथ्यांदा हवं असेल तर आधीचं परत आणून जमा करायचं, असा त्याचा नियम. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या सीडीवरून स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवलेलं गाणंही यातून सुटत नव्हतं. घर आपलं, कपाट आपलं, कपाटातले दागिनेही आपले, आणि किल्ली तेवढी सोनाराकडे.

याहून वाईट गोष्ट मिनीडिस्कची, सोनीच्या त्या छोट्या रेकॉर्डिंग डिस्कची. ती मला मिरजेच्या बाजूनं सांगावीशी वाटते, कारण विश्रामबागेतून मिरजेचा रस्ता धरला की थोड्या वेळात तंतुवाद्यांची दुकानं लागतात. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांचं ते गाव. अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले, दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या नावानं गायन-वादनाची हजेरी लागते. अशा ठिकाणी एखाद्या विद्यार्थ्यानं आपल्या गुरुजींचं गाणं मिनीडिस्कवर टिपलं असं समज. रेकॉर्डिंग उत्तम, यंत्र हातभर अंतरावरही ओळखू येणार नाही इतकं लहान. पण २००१ पासूनच्या नेटएमडी या मिनीडिस्क यंत्रांत यूएसबीची केबल असूनही ती एकाच दिशेनं चालायची. संगणकातून डिस्कवर गाणी जायची. माइकवर टिपलेलं स्वतःचं रेकॉर्डिंग मात्र त्याच केबलनं लॅपटॉपवर येत नव्हतं. ते आणायचं तर हेडफोनच्या भोकातून, तासाचं गाणं तासभर वाजवत, पुन्हा नव्यानं टिपायचं. २००४ च्या हाय-एमडीनं नव्या रेकॉर्डिंगांना थोडी वाट दिली. जुन्या डिस्कांसाठी २००६ चा एमझेड-आरएचवन यावा लागला. गुरू त्याचे, रेकॉर्डिंग त्याचं, डिस्क त्याची, लॅपटॉप त्याचा. तरी पाच वर्षं मधल्या केबलवर पहारा तुमचा.

हे असं का झालं, ते कळायला फार खोल जावं लागत नाही. १९८८ मध्ये सोनीनं सीबीएस रेकॉर्ड्स घेतली आणि १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स. एकाच वाड्यात एका सोप्यात यंत्रं बनत होती आणि दुसऱ्या सोप्यात गाणी. यंत्रवाल्यांचा फायदा प्रती काढण्यात आणि गाणीवाल्यांचा प्रती अडवण्यात. या भांडणात तुझं सॉफ्टवेअर कायम दुसऱ्या सोप्याचं ऐकत राहिलं. ॲपलकडे सांभाळायला स्वतःची गाणी नव्हती. २००१ च्या आयपॉडमध्ये एमपीथ्री पहिल्या दिवसापासून वाजत होतं. तुमच्या प्लेअरनं ते सरळ वाजवायला २००४ उजाडलं. कुलूप ॲपलच्या दुकानातल्या गाण्यांनाही होतं, पण २००९ पासून त्यांनी ते काढून टाकलं. तुमच्या घराण्यातलं कनेक्ट हे गाण्यांचं दुकान २००४ मध्ये उघडलं आणि २००८ मध्ये बंदही झालं. ज्यांनी तिथं पैसे मोजून गाणी घेतली होती त्यांच्या पदरात सल्ला पडला, की गाणी सीडीवर काढा आणि तिथून पुन्हा संगणकावर घ्या. गाणं ॲट्रॅकमधून बाहेर काढायचं साधन पुढे सोनीनंच दिलं. म्हणजे ते देता येत होतं. द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

आणि २००५ चा ऑक्टोबर. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञानं ३१ तारखेला उघड केलं, की सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की एक सॉफ्टवेअर गुपचूप आत शिरतं आणि स्वतःला लपवून ठेवतं. लपवायची युक्ती इतकी ढोबळ, की विशिष्ट चिन्हांनी सुरू होणारं नाव दिलं की कुठलीही फाइल दिसेनाशी व्हावी. व्हायरस लिहिणाऱ्यांना आयतं भुयार मिळालं. महिन्याभरात त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. ही करणी गाण्यांच्या कंपनीची, तुझी नव्हे, हे मी जाणतो. पण आडनाव एकच. ज्याच्या सीडीनं संगणक पोखरला त्याच्याच भावाचा संगणक घ्यायचा का, असं गिऱ्हाइकाच्या मनात आलं असेल, तर त्याचं काय चुकलं?

तू म्हणशील, वीस वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरतोस? आज गाणी कोण साठवतं! उत्तर आमच्या भूगोलात आहे.

सांगली कृष्णेकाठी आहे. २००५, २०१९, २०२१ ही सालं आमच्याकडे पुराच्या नावानं ओळखली जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात, खणभागात लोकांच्या घरात पहिल्या मजल्याला टेकलं. विश्रामबाग नदीपासून लांब आणि उंचावर, म्हणून गावातले पाहुणे आमच्या बाजूला येतात. येताना बोचक्यात कागदपत्रं असतात, दागिने असतात आणि लग्नाचा अल्बम असतो. पाणी ओसरल्यावर परत गेलेल्या माणसाला घरात काय सापडतं? फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा ठोकळा झालेला. कॅसेटच्या फितीत गाळ. सीडी एकवेळ धुऊन पुसून चालते. ज्या डिस्कमध्ये गाळाचं पाणी शिरलं ती चालत नाही. सगळ्यात शहाणा तो, ज्यानं मुंजीच्या व्हिडिओची एक प्रत गावभागात, एक विश्रामबागेत मेव्हण्याकडे आणि एक पुण्याला मुलीकडे ठेवली होती. त्याचं एकही क्षणचित्र गेलं नाही.

म्हणून सांगतो, प्रत काढणं ही आमच्याकडे चोरी नाही, ती पावसाळ्यापूर्वीची तयारी आहे. एकच प्रत असणं म्हणजे काहीच नसणं, हे नदीनं आम्हाला शिकवलं. जे सॉफ्टवेअर तीन प्रती झाल्या की हात आखडतं, जे सांगतं की ही फाइल फक्त याच यंत्रावर उघडेल, ते कोरड्या गावातल्या माणसानं लिहिलेलं आहे. तुमच्या जपानला तरी हे सांगावं लागू नये. भूकंप आणि त्सुनामी सोसलेला देश आहे तो. आणि कुलपं आजही आहेतच. पूर्वी ती फाइलला होती, आता महिन्याच्या वर्गणीला आहेत. वर्गणी थांबली की डाउनलोड केलेलं गाणं मुकं होतं. फोटो एका कंपनीच्या ढगात असतात आणि तिथून सगळे एकदम खाली आणायचे म्हटलं तर वाट आडवळणाची. तू जुना म्हणून तुझ्या तोंडावर बोललो, इतकंच.

दुसरं येणं ड्रायव्हरचं. हे रिपेअरवाल्यांच्या वतीनं मांडतो. तुझा ई सिरीजचा लॅपटॉप टेबलावर आला की नवशिका तो उलटा करतो आणि तळावरचा नंबर वाचतो. पीसीजी-७१ असा काहीतरी. त्या नंबरानं शोधलं तर धड काही हाती लागत नाही, कारण ते तुझं खरं नाव नव्हेच. ते असतं स्क्रीनच्या चौकटीच्या कोपऱ्यात, भिंग लावून वाचावं इतकं बारीक. व्हीपीसीईबी असं सुरू होणारं. ते मिळालं, विंडोज नव्यानं टाकली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये एका अननोन डिव्हाइसवर पिवळं चिन्ह उरतं. आत बघितलं की एसएनवाय५००१. जाणत्याला लगेच कळतं, की हा सोनी फर्मवेअर एक्स्टेन्शन पार्सर. तो आधी टाकायचा, मग शेअर्ड लायब्ररी, मग बाकीची तुझी खास सॉफ्टवेअर. क्रम चुकला तर एफएन दाबून उजेड कमी-जास्त करायला जा, पडदा ढिम्म हलत नाही. बॅकलाइट ठीक, कीबोर्ड ठीक. मध्ये फक्त तुमची एक बारकी फाइल नाही. साधा उजेड बदलायला एवढ्या मध्यस्थांची काय गरज होती?

गरज नव्हती, हे लिनक्सवाल्यांनी दाखवून दिलं. तुमच्याकडून काही न मागता स्वयंसेवकांनी तुझ्या त्याच एसएनवाय५००१ शी बोलणारा 'सोनी-लॅपटॉप' नावाचा ड्रायव्हर लिहिला आणि तो लिनक्सच्या गाभ्यात गेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. तुझ्या कितीतरी जुन्या यंत्रांपुढे आता लिनक्सचाच रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर दिवा लावणारे तुमच्या पगारावरचे नव्हते.

तिसरी गोष्ट जरा गमतीची, पण सांगून टाकतो. नवा कोरा वायो सुरू केला की त्यात न मागितलेली कितीतरी सॉफ्टवेअर ठाण मांडून बसलेली असायची. २००८ च्या मार्चमध्ये सोनीनं अमेरिकेत टीझेड लॅपटॉपसाठी 'फ्रेश स्टार्ट' ही सोय आणली. हा कचरा नको असेल तर ४९.९९ डॉलर जादा भरा! लोकांनी इतका आरडाओरडा केला, की दुसऱ्याच दिवशी ती फुकट करावी लागली. घाण करण्याचे पैसे एकाकडून आणि झाडण्याचे दुसऱ्याकडून, असा हिशेब आमच्या महापालिकेलाही सुचला नसता. पण यातून एक शिकण्यासारखं आहे. गिऱ्हाइकानं ठणकावून सांगितलं तर ऐकलं जातं, तेही चोवीस तासांत.

२०१४ नंतर तू सुधारलास, हे मान्य. १ जुलैला वेगळी कंपनी झाली, माणसं उरली सुमारे २४०, आणि ठाणं नागानो प्रांतातल्या अझुमिनो गावी. मोठ्या जागतिक बाजाराच्या मागे न लागता तू कचेऱ्यांसाठी लॅपटॉप करू लागलास. अझुमिनोत प्रत्येक यंत्र तपासूनच बाहेर पाठवायचं, हा तुझा शिरस्ता मला आवडतो. २०२१ च्या जानेवारीत तू भारतात परत आलास तो हाँगकाँगच्या नेक्स्टगोचं बोट धरून. पूर्वीची ऐट त्यात नव्हती. हरकत नाही. मला ऐट नकोय. मला तपासणीचा तोच शिरस्ता विक्रीनंतरही पाळलेला हवा आहे.

तेव्हा मागण्या अशा.

लॅपटॉपबरोबर जे काही फोटो, गाणी किंवा व्हिडिओ सांभाळणारं सॉफ्टवेअर देशील, त्यातून सगळं एकदम, मोकळ्या साच्यात, हव्या तितक्यांदा बाहेर काढता आलं पाहिजे. एखादी सेवा बंद करायची झाली तर बंद व्हायच्या आधी कुलूप काढून दे. सीडी भाजण्याचे सल्ले नकोत.

यंत्राला एकच नाव दे, आणि ते तळावर, चाळिशीशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत. बॅटरी आणि डिस्क साध्या स्क्रूड्रायव्हरनं निघू देत. तुझ्या ई सिरीजची बॅटरी खटका सरकवला की हातात यायची. तेव्हा जमत होतं, तर आता का जमू नये?

आणि तिसरी मागणी जुन्या यंत्रांची. २०१४ पूर्वीच्या वायोंची सेवा सोनीनं आपल्याकडे ठेवली होती, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे काम तुला एकट्याला नाही करता येणार; सोनीशी बोलावं लागेल. प्रत्येक जुन्या मॉडेलच्या ड्रायव्हरांचा एकेक गठ्ठा बांधा, कुठला आधी आणि कुठला नंतर टाकायचा तो क्रम पानभर लिहून सोबत जोडा, आणि तो कुणीही उतरवून घ्यावा, साठवावा, पुढे वाटावा अशी लेखी परवानगी द्या. परवानगी महत्त्वाची. ती मिळाली की सांभाळायचं काम तुमच्यावर राहणारच नाही. विश्रामबागेत एक प्रत राहील, मिरजेत राहील, पुण्यात राहील. प्रती जपायची सवय आम्हाला आहे. तुम्ही फक्त आडवे येऊ नका.

नोजिमाच्या मालकांना हे पत्र दाखव. ते दुकानदार आहेत. परत आलेलं गिऱ्हाईक काय किमतीचं असतं, ते त्यांना कारखानदारापेक्षा लवकर कळेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
विश्रामबागेतला एक जुना वापरकर्ता